रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि घरातला काढा : गोव्याच्या आरोग्य यंत्रणेला खुले पत्र

प्रति,
संचालक, आरोग्य सेवा संचालनालय, गोवा
संचालक, अन्न व औषध प्रशासन संचालनालय, गोवा
तसेच गोव्यातील सर्व डॉक्टर, वैद्य आणि फार्मासिस्ट

विषय : पक्षाघाताच्या रुग्णांच्या डिस्चार्ज कार्डावर वनौषधी व पूरक आहाराची सक्तीने नोंद करणे

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यात फार्मसी चालवतो. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्यांच्या घरची मंडळी महिन्याच्या गोळ्या न्यायला माझ्याकडे येतात. त्यांच्याशी बोलताना जे कळतं, ते आपल्यापर्यंत पोहोचत नसावं, म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. स्ट्रोकचा रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेऊन इस्पितळातून घरी निघतो, तेव्हा तो घेत असलेल्या प्रत्येक काढ्याची, चूर्णाची, कॅप्सूलची आणि अंगाला लावायच्या तेलाची नोंद त्याच्या डिस्चार्ज कार्डावर झाली पाहिजे. ही नोंद कोणी करायची, हे आपण लेखी ठरवून दिलं पाहिजे. आज ते काम कोणाचंच नाही.

गोळ्यांबद्दल थोडं सांगतो, कारण हे पत्र रुग्णांच्या घरचेही वाचतील. बहुतेक स्ट्रोक मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे होतात. पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून कोणाला ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल देतात, किरकोळ झटक्यानंतर काही आठवडे दोन्ही एकत्र देतात. या गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. ॲस्पिरिनचा परिणाम तर ती प्लेटलेट जिवंत असेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, पुसला जात नाही. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यांना रिव्हारोक्सॅबन, अपिक्सॅबन, डॅबिगॅट्रान यांसारख्या नव्या गोळ्या देतात. ज्यांना हृदयात धातूची झडप बसवलेली आहे, त्यांना मात्र जुन्या वॉरफरिन किंवा असेनोकुमॅरॉलवाचून पर्याय नाही. वॉरफरिन घेणाऱ्याला वरचेवर आयएनआर नावाची रक्ततपासणी करावी लागते. बहुतेकांचा आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा असतो. तो खाली घसरला तर गुठळीची भीती, फार वर चढला तर मेंदूतच रक्तस्राव होण्याची भीती. वाट इतकी अरुंद आहे, आणि तीवर चालणारा माणूस आधीच एकदा पडलेला असतो.

अशा माणसाच्या घरी झटक्यानंतर पहिल्या महिन्यात काय काय येऊन पडतं ते आपण पाहिलंय का? पुण्याहून भाचा कुरकुमिनच्या कॅप्सूल पाठवतो. शेजारीण अर्जुनाच्या सालीचा काढा सांगते. गल्फमधला मुलगा स्मरणशक्तीसाठी जिंकगो आणि ताकदीसाठी जिनसेंग घेऊन येतो. कोणी लसणाच्या कॅप्सूल देतो, कोणी गुग्गुळ, कोणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एखादी मुळी. हे सगळं मायेपोटी येतं. बापाचा हात पुन्हा उचलला जावा, आईच्या तोंडून धड शब्द फुटावा, यासाठी माणूस मिळेल ते करून पाहतो. त्या मायेला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही.

हळदीचंच घ्या. हुमणात, खतखत्यात पडणाऱ्या हळदीबद्दल माझी तक्रार नाही, ती खुशाल खावी. स्वयंपाकाच्या हळदीत कुरकुमिन वजनाच्या साधारण ३ टक्के असतं. दुकानातल्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलवर '९५ टक्के कुरकुमिनॉइड्स' असं छापलेलं असतं. हिशेब केला तर एका कॅप्सूलमध्ये सुमारे १५ ग्रॅम हळदीचा ऐवज बसतो, म्हणजे चार-पाच चमचे हळद एका घोटात पोटात जाते, आणि तीही बहुधा दिवसातून दोनदा. त्यात भर म्हणून मिऱ्यातलं पायपरिन घातलेलं असतं, कारण नुसतं कुरकुमिन अंगी लागत नाही. १९९८ साली बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवून दिलं की कुरकुमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर माणसाच्या रक्तात वीसपट कुरकुमिन उतरतं. जाहिरातीत हा आकडा मोठ्या अक्षरात छापतात. पण पायपरिन हे साधतं ते आतड्यातल्या आणि यकृतातल्या औषधं निकामी करणाऱ्या यंत्रणेला आवर घालून, आणि त्या यंत्रणेतून एकटं कुरकुमिन जात नाही. रिव्हारोक्सॅबन आणि अपिक्सॅबन यांचाही निचरा बऱ्याच अंशी तिथूनच होतो. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या औषध नियामक संस्थेने, मेडसेफने, यावर सावधगिरीची सूचना काढली. वॉरफरिनवर स्थिर असलेल्या एका रुग्णाने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत त्याचा आयएनआर १० च्या वर गेला होता.

उलट दिशेचा धोका तर कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. सेंट जॉन्स वर्ट नावाची विलायती वनस्पती उदास मनासाठी ऑनलाइन सहज मिळते. स्ट्रोकनंतर मन खचलेल्या रुग्णासाठी ती मागवणारे आहेत. ही वनस्पती यकृताला जास्त जोमाने कामाला लावते, मग वॉरफरिन काय किंवा नव्या गोळ्या काय, रक्तात टिकतच नाहीत. जिनसेंगनेही वॉरफरिनचा परिणाम कमी होतो असं आढळलेलं आहे. यात रक्तस्राव होत नाही, अंगावर डाग उठत नाहीत, काही बिघडलंय असं वाटतही नाही. कळतं ते एकदम दुसरा झटका आल्यावर. ज्येष्ठमध घसा बसला म्हणून दोन दिवस चघळला तर ठीक, पण महिनोन्‌महिने काढ्यातून घेतला तर रक्तदाब वाढवतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरवतो. स्ट्रोकच्या रुग्णाचा रक्तदाब वाढणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

लसूण, जिंकगो, गुग्गुळ, अर्जुन यांच्याबद्दलचा पुरावा एकसारखा भक्कम नाही, हेही मी प्रामाणिकपणे नमूद करतो. काहींचा प्लेटलेट्सवरचा परिणाम प्रयोगशाळेत दिसलेला आहे, काहींबद्दल एकेकट्या रुग्णांच्या नोंदी आहेत, आणि जिंकगोबद्दलच्या अभ्यासांचं आपसात पटत नाही. म्हणून मी बंदी मागत नाही, नोंद मागतो. नोंदच नसेल तर रक्तस्राव झाल्यावर कारण तरी कशात शोधणार?

तेलाचा उल्लेख मी वर मुद्दाम केला. लुळ्या पडलेल्या हातापायाला आपल्याकडे मालीश होतेच, व्हायलाही हवी. पण सांधेदुखीच्या अनेक तेलांत आणि बामांत गंधपुरा तेल असतं. त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट ॲस्पिरिनच्याच कुळातलं आहे आणि ते कातडीतून शोषलं जातं. वॉरफरिनवरच्या रुग्णांनी असे बाम भरपूर चोळल्यावर आयएनआर चढल्याच्या आणि रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मालीश बंद करायची गरज नाही. साधं तिळाचं किंवा खोबऱ्याचं तेल वापरलं तरी हात तेवढाच मोकळा होतो. पण हे रुग्णाला कोण सांगणार? बाटली बाहेरून लावायची, म्हणून ती कोणी औषधांत धरतच नाही.

आणखी एक गोष्ट खास आपल्या मुलखातली. वॉरफरिन आणि असेनोकुमॅरॉल ही औषधं के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करतात, आणि हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं. पाऊस लागला की आपल्या ताटात तायकिळा (टाकळा) येतो, अळू येतं, गोकुळाष्टमीला मशिंगाच्या (शेवग्याच्या) पाल्याची भाजी होते, आणि श्रावणात मासळी बंद झालेल्या घरांत पालेभाजी दुप्पट होते. वर्षभर भाजीला हात न लावणारा माणूस महिनाभर रोज वाटीभर पाला खातो, तेव्हा त्याचा आयएनआर उतरू शकतो. भाजी सोडून द्या असं सांगणं चूक आहे. वर्षभर साधारण सारखीच खा आणि ऋतू बदलला की एकदा तपासून घ्या, एवढं पुरे. पण इंग्रजीत छापलेल्या डिस्चार्ज कार्डावर तायकिळा कुठून येणार?

'झाडपाल्याचं आहे, त्याने काय अपाय व्हायचा' हे वाक्य मला रोज ऐकू येतं. त्यावर मी वॉरफरिनची गोष्ट सांगतो. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्यातूनच पुढे वॉरफरिन घडलं, १९४८ मध्ये ते उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये अमेरिकेत माणसांसाठी मान्य झालं. ॲस्पिरिनचं मूळही विलो झाडाच्या सालीपर्यंत जातं. म्हणजे स्ट्रिपमधली गोळीही झाडपाल्याच्याच घराण्यातली. वनस्पतीत ताकद आहे हे मी मनापासून मानतो आणि म्हणूनच ती कोणाबरोबर घेतली जातेय हे पाहा म्हणतो. ज्या गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या वैद्यांकडून वनौषधी समजून घेतल्या आणि १५६३ साली इथेच ग्रंथ छापला, त्या गोव्यात तरी हे बोलणं कोणाला परकं वाटू नये.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी वडिलांच्या गोळ्या न्यायला आली. वडिलांना धातूची झडप, आधी एक झटका येऊन गेलेला, वॉरफरिन चालू. बोलता बोलता म्हणाली, बाबांच्या दंडावर मार न लागताही जांभळे डाग उठताहेत. मी विचारलं, आणखी काही औषध घेतात का? नाही म्हणाली. दर तपासणीला डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही तिने नाहीच सांगितलं होतं, आणि तिच्या समजुतीप्रमाणे ते खरंच होतं. मग मी वेगळ्या तऱ्हेने विचारलं : सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत बाबांच्या पोटात काय काय जातं, आणि अंगाला काय लावता? तेव्हा एकेक बाहेर आलं. सकाळी काढा, दुपारी नातेवाइकांनी पाठवलेल्या दोन प्रकारच्या कॅप्सूल, रात्री गुडघ्यांना बाम. त्याच दिवशी आयएनआर केला, तो फार वर होता, आणि त्यांना तसंच इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवल्या, गोळीचा डोस नव्याने बसवला. आता ते बरे आहेत. यात ना त्या मुलीचा दोष, ना त्या डॉक्टरांचा. ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला किती मिनिटं येतात हे मला ठाऊक आहे. दोष आहे तो प्रश्न वाऱ्यावर सोडून देण्यात.

लोक सांगत नाहीत याला आणखी एक कारण आहे, आणि ते बोलायला कठीण असलं तरी बोललं पाहिजे. सांगितलं तर ओरडा बसतो. 'असले प्रकार करायचे तर माझ्याकडे येऊ नका' हे वाक्य रुग्णांनी मला ऐकवलेलं आहे. एकदा असं ऐकलेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही, काढा मात्र सोडत नाही. डॉक्टर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे : ऐकून घ्या, लिहून घ्या, मग काय चालेल आणि काय नाही ते शांतपणे सांगा. वैद्यांनाही तितकीच कळकळीची विनंती आहे. शिकलेले वैद्य हे जाणतात, पण गोळ्या सोडा, मी मोकळं करतो, असं सांगणारेही गावागावांत भेटतात. नव्या गोळ्यांचा परिणाम दिवसाभरात ओसरतो. दोन दिवस गोळी चुकली की हृदयात गुठळी व्हायला मोकळं रान. गोळीसोबत काढा घेण्यापेक्षा काढ्यासाठी गोळी सोडणं जास्त घातक आहे, आणि या पत्रातली एकच गोष्ट कोणी लक्षात ठेवणार असेल तर ती ही ठेवावी.

आता कायद्याकडे येतो, कारण आपल्या हातात तोच आहे. रुग्णाच्या एकाच पिशवीत तीन वेगवेगळ्या दारांनी आलेला माल असतो. वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी स्ट्रिपमधली गोळी चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. आयुर्वेदिक औषधाच्या उत्पादनाला परवाना लागतो, पण विक्रीला लागत नाही, त्यामुळे ते किराणा दुकानातही मिळतं. आणि कुरकुमिनची कॅप्सूल बहुतेक वेळा औषधच नसते, ती अन्न म्हणून नोंदलेली असते. पूरक आहाराबद्दलच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा बाटलीवर 'औषधी वापरासाठी नाही' असं ठळक लिहावं लागतं, आणि इतर औषधांशी होणाऱ्या ज्ञात आंतरक्रिया लागू असतील तर त्याही छापाव्या लागतात. हा दुसरा मजकूर मला बाटल्यांवर क्वचितच दिसतो, आणि दिसला तरी भिंग घेऊन वाचावा लागतो. गोव्यात अन्न आणि औषध दोन्ही एकाच संचालनालयाखाली येतात. दोन खात्यांनी एकमेकांकडे बोट दाखवायची सोयच इथे नाही. आपल्या निरीक्षकांनी फार्मसी, सुपरमार्केट आणि आयुर्वेदिक दुकानं यांतल्या कुरकुमिन, लसूण, जिंकगो, जिनसेंग यांच्या बाटल्या एकदा तपासाव्यात आणि इशारा नसलेल्या उत्पादनांवर नोटिसा काढाव्यात. यासाठी नवा कायदा करावा लागत नाही.

जाहिरातींचंही तसंच. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याच्या अनुसूचीत पक्षाघाताचं नाव स्पष्ट आहे. तो बरा करतो अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. तरीही 'लकवा हमखास बरा' असे कागद विजेच्या खांबांवर चिकटवलेले दिसतात आणि मोबाइलवर तर त्यांना ऊत आलाय.

कार्डाबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे. डिस्चार्ज कार्डाला एक स्वतंत्र पान जोडा, मराठीत आणि कोकणीत, कोकणी देवनागरीत आणि रोमी (रोमन) लिपीतही. त्यावर रुग्ण रक्त पातळ करणारी कोणती गोळी घेतो ते मोठ्या अक्षरात असू द्या. खाली रिकाम्या ओळी : काढा, चूर्ण, कॅप्सूल, रस, तेल, बाम, कधी सुरू केलं, कोणी दिलं. हे पान घरी सोडण्याआधी परिचारिकेने किंवा इस्पितळातल्या फार्मासिस्टने रुग्णाच्या माणसाला समोर बसवून भरावं आणि खाली सही करावी. 'विचारले नाही' असाही एक रकाना ठेवा, म्हणजे कोरं पान आणि 'काही घेत नाही' असं पान यांतला फरक पुढच्याला कळेल. त्याच पानावर लिहा की नवं काही सुरू करताना सांगा आणि चालू असलेलं बंद करतानाही सांगा, कारण काढा चालू असताना बसवलेला वॉरफरिनचा डोस काढा थांबल्यावर अपुरा पडू शकतो. धोक्याची लक्षणंही तिथेच हवीत : काळी शौचाला होणं, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त, अचानक असह्य डोकेदुखी, पडून डोक्याला मार लागणं. यातलं काही दिसलं तर वाट न पाहता १०८.

पुन्हा झटका आला तर हे पान आणखी मोलाचं ठरतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि आयएनआर १.७ च्या वर असेल तर देत नाहीत. पेडण्याच्या किंवा काणकोणच्या टोकाहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोहोचेपर्यंत यातला किती वेळ जातो हे आपण जाणता. तिथे पोहोचल्यावर रुग्णाला बोलता येत नसतं, बरोबरचा माणूस घाबरलेला असतो आणि गोळीचं नाव आठवत नसतं. १०८ च्या कर्मचाऱ्यांना हे पान मागण्याची सूचना दिलीत तर इस्पितळात डॉक्टरांची निम्मी विचारपूस वाचेल.

या पानावर कुठल्या वनस्पतींची नावं छापायची हे एका खोलीत बसून ठरवण्याजोगं काम आहे. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, न्यूरॉलॉजी आहे, औषधशास्त्र विभाग आहे. धारगळला २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे, शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालय आहे. गोव्याएवढ्या लहान राज्यात ही सगळी माणसं तासाभराच्या अंतरावर आहेत. गोव्यात खरोखर विकलं आणि घेतलं जाणारं काय, त्याला इथले लोक काय म्हणतात, आणि कुठल्या गोळीबरोबर काय टाळायचं, याची यादी त्यांनी मिळून करावी. वैद्यांना डावलून केलेली यादी लोक मानणार नाहीत, आणि डॉक्टरांना डावलून केलेली इस्पितळात चालणार नाही.

रक्तस्रावाची नोंद करण्याची सोय देशात आहे. औषधांच्या दुष्परिणामांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. त्याच्या अर्जात सोबत घेतलेल्या वनौषधींसाठी रकानाही आहे. आयुष औषधांसाठी वेगळी यंत्रणा आहे. पण दोन्हीकडची औषधं एकत्र घेऊन झालेल्या रक्तस्रावाचा तो रकाना भरायचा कोणी, हे आपल्या इस्पितळांनी आपल्या कर्मचाऱ्यांना सांगायला हवं.

आम्हा फार्मासिस्टांवरही जबाबदारी आहे, ती मी टाळत नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समजावून सांगणं हे आमचं काम ठरवलेलं आहे. कार्ड आलं तर दर महिन्याला गोळ्या देताना ते पुन्हा वाचून त्यात नवी भर लिहिणं आम्हाला सहज जमेल. फोंड्यातले फार्मसीवाले यासाठी एकत्र येतील असा मला विश्वास आहे. पानाचा मराठी मसुदा मी तयार केला आहे. आपण बैठक बोलवावी, मी तो घेऊन येईन.

आपला नम्र,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट
फोंडा, गोवा